दूरचित्रवाणीवरील विक्रीचे कार्यक्रम : दिसते किती, मिळते किती

रात्रीच्या मालिका संपल्या, बातम्याही आटोपल्या, की काही वाहिन्यांवर एक निराळाच कार्यक्रम सुरू होतो. पडद्यावर एक गृहिणी साध्या सुरीने टोमॅटो चिरू पाहते. टोमॅटोचा चेंदामेंदा होतो, रस ओट्यावर ओघळतो, ती कपाळाला हात लावते. हे दृश्य बहुधा कृष्णधवल असते. क्षणात पडदा रंगीत होतो, हसतमुख निवेदक एक उपकरण पुढे करतो, आणि त्याच टोमॅटोच्या कागदासारख्या पातळ चकत्या पडू लागतात. किंमत सांगितली जाते, मग ती निम्म्यावर येते, मग तिच्याबरोबर आणखी दोन वस्तू मोफत मिळतात. घरातील मंडळी हसतात, टोमॅटोदेखील धडपणे चिरता न येणारी ही बाई कोण, असे एकमेकांस विचारतात, आणि तरीही कार्यक्रम शेवटपर्यंत पाहतात. अधूनमधून त्यांच्यापैकीच कोणीतरी दूरध्वनी उचलतो.

जाहिरातीची ही जात मूळची अमेरिकेतील. तेथे दूरचित्रवाणीवर ताशी किती मिनिटे जाहिराती असाव्यात यावर पूर्वी मर्यादा होती. १९८४ मध्ये तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ती काढून टाकली. त्याच सुमारास केबलचा प्रसार होत होता. वाहिन्या वाढल्या होत्या, परंतु मध्यरात्रीनंतर दाखविण्याजोगे त्यांच्याजवळ फारसे काही नव्हते. तो रिकामा वेळ विक्रेत्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशेबाने स्वस्तात घेतला. निवेदक, पाहुणे, टाळ्या वाजविणारे प्रेक्षक असा या जाहिरातीचा थाट पुरा कार्यक्रमाचा असे, आणि पाहणाऱ्यास आपण जाहिरात पाहत आहोत याचा विसर पडावा हाच त्यातील हेतू होता.

विक्रीची ही कला मात्र दूरचित्रवाणीपेक्षा जुनी आहे. तिचा सर्वांत प्रसिद्ध अमेरिकन उपासक रॉन पोपील (१९३५–२०२१) हा पोरवयात शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीट बाजारात गाडा लावून स्वयंपाकघरातील वस्तू विकीत असे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा एखाद्या जत्रेत किसणीवाल्याभोवती जमलेला घोळका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे चित्र वेगळे सांगावयास नको. हात अखंड चालू, तोंड त्याहून अधिक चालू, आणि गाजर संपण्याच्या आत गिऱ्हाईक खिशात हात घालील अशी योजना. पोपीलचे वडील भाजी चिरण्याची यंत्रे तयार करीत. ही यंत्रे इतक्या झपाट्याने भाजी चिरीत की प्रात्यक्षिकासाठी पुरेशी भाजी वाहून नेणे विक्रेत्यास जड जाई. म्हणून ते प्रात्यक्षिक एकदाच चित्रित करून दाखविण्याची कल्पना निघाली, असे सांगतात. गोष्ट थोडी रंगविलेली असेल, परंतु तिच्यात मर्म आहे : बाजारातला विक्रेता जसाच्या तसा उचलून पेटीत बसविला गेला. त्यात एक फरक मात्र पडला. बाजारात गिऱ्हाईक किसणी स्वतःच्या हातात घेऊन पाहू शकत असे. आता ते शक्य राहिले नाही.

या वस्तू सांगितल्याप्रमाणे काम देतात काय? याचे एका शब्दात उत्तर नाही, आणि सरसकट सगळ्यांना लबाड ठरविणेही न्यायाचे होणार नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत ‘गिन्सू’ नावाच्या सुऱ्यांची जाहिरात गाजू लागली. नाव जपानी वाटे, पण जपानी भाषेत त्याला अर्थ नव्हता, आणि सुऱ्या ओहायो राज्यात तयार होत. जाहिरातीत हीच सुरी प्रथम पत्र्याच्या डब्यावर चालविली जाई आणि लगेच टोमॅटोवर. दोन्ही कापले जात, आणि त्यात कॅमेऱ्याची करामत नव्हती. सुरीला करवतीसारखे बारीक दाते होते. कठीण वस्तूवर घासताना झीज होते ती दात्यांच्या टोकांची; दोन दात्यांमधील खाच धातूला क्वचितच टेकते, त्यामुळे तिथली धार शाबूत राहते. टोमॅटोची साल गुळगुळीत असल्याने सपाट धारेची बोथट सुरी तिच्यावरून घसरते. दाते असले म्हणजे ते सालीत रुततात. प्रात्यक्षिक खरे होते, पण ते निवडलेले होते. दात्यांची सुरी बोथट झाल्यावर घरच्या दगडावर पाजविता येत नाही, आणि तिने कांदा-कोथिंबीर बारीक चिरणे अवघड जाते, या गोष्टी त्यात आल्या नाहीत. पत्र्याचे डबे सुरीने कापण्याची गरज घरात कोणाला पडते, हाही प्रश्न कोणी विचारीत नसे.

पोपीलने १९९८ मध्ये कोंबडी भाजण्याची फिरती भट्टी बाजारात आणली. तिच्या दर्शनी बाजूस काच होती आणि सळई आडवी फिरे, म्हणजे भाजले जाणारे मांस पाहणाऱ्यास सतत दिसत राही. यंत्राची घडणच प्रात्यक्षिक नजरेसमोर ठेवून केलेली होती. तरीही आत कोंबडी भाजली जाई, चरबी खाली गळे, आणि घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ती आनंदाने वापरली. याच गृहस्थाने टक्कल झाकण्यासाठी रंगाचा फवाराही विकला. फवारा मारला की टक्कल दिसेनासे होई, इतके खरे. केस मात्र एकही उगवत नसे. अर्थात फवाऱ्याचे काम तेवढेच होते.

चिरणे, भाजणे, पुसणे ही कामे डोळ्यांनी दिसणारी आहेत. म्हणून अशा वस्तूंबाबत फसवणूक झालीच तर ती बहुधा टिकाऊपणात होते, किंवा किमतीत. ‘एकावर एक मोफत’ या प्रकाराचे एक उदाहरण बोधप्रद आहे. बाह्या असलेल्या पांघरुणामुळे नावारूपास आलेली ऑलस्टार ही अमेरिकन कंपनी दारावर लावावयाचा जाळीचा पडदाही विकी. जाहिरातीत एक पडदा घेतल्यास दुसरा मोफत, किंमत १९ डॉलर ९५ सेंट. ग्राहकाने मनात दोन पडद्यांचा भागाकार केला, दहा डॉलरहून कमी किमतीस एक पडला, म्हणून तो खूष झाला. प्रत्यक्षात प्रत्येक पडद्यामागे पाठवणी व हाताळणीचा खर्च वेगळा लागे, आणि एकूण आकडा ३५ डॉलर ८५ सेंटवर जाई. मोफत पडद्याचा खर्चही ग्राहकच भरीत होता. फेडरल ट्रेड कमिशनने याविषयी कारवाई केल्यावर २०१५ मध्ये कंपनीने ८० लाख डॉलर देण्याचे मान्य केले, आणि त्यातील बहुतेक रक्कम ग्राहकांना परत करण्यासाठी होती.

शरीराची गोष्ट आली की पाहणाऱ्याचे डोळे निरुपयोगी ठरतात. २००१-०२ मध्ये अमेरिकेत पोटाला बांधावयाचे विजेचे पट्टे धडाक्याने विकले गेले. पट्टा सौम्य विद्युत्प्रवाह सोडी आणि पोटाचे स्नायू आकुंचन पावत. दहा मिनिटे पट्टा बांधणे म्हणजे उताणे निजून उठण्याचा व्यायाम सहाशे वेळा करणे, असा एका जाहिरातीचा दावा होता. आकुंचन खरे होते आणि पडद्यावर स्पष्ट दिसे. परंतु स्नायू थरथरणे निराळे आणि पोटावरील चरबी झडणे निराळे. मे २००२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने अशा तीन पट्ट्यांच्या विक्रेत्यांविरुद्ध तक्रारी दाखल केल्या. यानंतरची हकीकत अधिक मासलेवाईक आहे. ‘अ‍ॅब फोर्स’ या स्वस्त पट्ट्याच्या जाहिरातीत वजन घटते असे कोठेही म्हटले नव्हते. इतर महागड्या पट्ट्यांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्याच असतील, तसाच हा, एवढेच सांगून बाजूला पिळदार पोटाची तरुण माणसे दाखविली होती. सात लाखांहून अधिक पट्टे खपले. शब्दांनी दावा केला नाही तरी चित्रांनी तो केला आहे, असे आयोगाने २००५ मध्ये ठरविले आणि वरिष्ठ न्यायालयाने २००६ मध्ये तो निर्णय कायम केला.

‘मला गुण आला’ असे सांगणाऱ्या माणसांचे काय? ती सगळीच भाडोत्री असतात असे समजण्याचे कारण नाही. अंगदुखी थांबविणारे ‘आयनयुक्त’ कडे म्हणून अमेरिकेत अशाच कार्यक्रमांतून ‘क्यू-रे’ हे मनगटी कडे विकले जात असे. मेयो क्लिनिक या रुग्णालयातील संशोधकांनी त्याची परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्नायू व सांध्यांच्या दुखण्याने त्रस्त अशा ६१० व्यक्तींपैकी निम्म्यांना खरे कडे व निम्म्यांना तसेच दिसणारे साधे कडे २८ दिवस घालावयास दिले. कोणाच्या हातात कोणते कडे आहे हे घालणाऱ्यास ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यासही नव्हते. दुखणे कमी झाल्याचे दोन्ही गटांनी सांगितले, आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात. दुखणे स्वभावतःच कमी-अधिक होत असते. फार दुखते तेव्हाच माणूस उपाय शोधतो, आणि उपायावर भरवसा असला की थोडा आराम वाटतोच. आराम वाटल्याचे सांगणारा खोटे बोलत नव्हता, परंतु त्या आरामाचे श्रेय कड्याकडे नव्हते. २००६ मध्ये न्यायालयाने विक्रेत्यांविरुद्ध निकाल दिला व २००८ मध्ये तो अपिलात कायम राहिला. शिक्षकांना वर्गात प्रयोगाची पद्धत समजावून सांगावयाची असेल, तर या कड्याइतके सोपे उदाहरण मिळणे कठीण.

भारतात दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १९७६ मध्ये सुरू झाल्या, पण त्या काही सेकंदांच्या असत. दीर्घ विक्री-कार्यक्रम आले ते १९९० नंतरच्या दशकात, उपग्रह वाहिन्यांबरोबर. काही काळ अमेरिकेतील कार्यक्रमच हिंदी आवाज चढवून दाखविले जात, आणि ओठ एक व शब्द दुसरे असा तो प्रकार मोठा करमणुकीचा होई. पुढे येथील विक्रेते आले. वस्तूही येथल्या झाल्या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘नापतोल’ या विक्रेत्या कंपनीस १० लाख रुपये दंड केला. सोन्याच्या दागिन्यांचे दोन संच, गुडघ्याचा चुंबकीय पट्टा आणि अ‍ॅक्युप्रेशरच्या चपला अशा वस्तूंच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरल्या. या आदेशातील आणखी दोन गोष्टी प्रत्येक प्रेक्षकाने ध्यानात घेण्याजोग्या आहेत. कार्यक्रम आधी चित्रित केलेला असेल तर तसे पडद्यावर स्पष्ट लिहावे, आणि वस्तू पुढील तीस दिवसांत मिळणारच असेल तर ती संपत आल्याचा देखावा करू नये, असे प्राधिकरणाने बजावले. म्हणजे ‘आता केवळ बाराच नग शिल्लक’ हे उद्गार चित्रफितीतलेही असू शकतात, आणि ती फीत दुसऱ्या दिवशीही तेच सांगते.

दैवी गुणांच्या वस्तूंचा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयापुढे आला. हनुमान चालीसा यंत्रासारख्या वस्तूंच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातींविरुद्ध एका शिक्षकाने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये निर्णय दिला. चमत्कारी वा अलौकिक सामर्थ्य असल्याचे सांगून वस्तूंची जाहिरात करणे हे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये बेकायदेशीर आहे, असे न्यायालयाने म्हटले. रोगनिवारणाच्या चमत्कारी दाव्यांना प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा तर १९५४ पासूनच अस्तित्वात आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकाच्या दृष्टीने या कायद्यातील अधिक उपयोगाची तरतूद अशी की, विक्रेता दिल्लीस असो वा मुंबईस, ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्यास तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, आणि तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. अडचण येते ती पुराव्याची, कारण पडद्यावर बोललेले शब्द हवेत विरून जातात. म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वीच वाहिनीचे नाव, दिनांक, वेळ, सांगितलेली किंमत व हमी कागदावर टिपून ठेवावी, किंवा मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र घ्यावे. पाठवणीसह एकूण रक्कम किती व परत करण्याचा खर्च कोणाकडे, हे दूरध्वनीवरच विचारावे. पार्सल दोघांसमक्ष उघडावे, शक्य तर त्याचे चित्रण करावे, आणि पावती व वेष्टन लगेच फेकून देऊ नये. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ असा आहे.