बालकांचा पूरक आहार व मातांचे शिक्षण : हैदराबाद येथील संशोधकांचा एक प्रयोग

मातांना आहारविषयक शिक्षण दिल्याने बालकांत नेमका कोणता फरक पडतो, हे तपासणारा एक प्रयोग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. गृहविज्ञान व बालसंगोपन शिकविणाऱ्या अध्यापकांनी ते अवश्य विचारात घ्यावेत.

तत्कालीन आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) नलगोंडा जिल्ह्यातल्या ६० गावांचे तीन गट करण्यात आले. माता व बालकांच्या ६०० जोड्या त्यांत होत्या. पहिल्या गटाला अंगणवाडीच्या नेहमीच्या सेवाच मिळाल्या. दुसऱ्या गटात गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन स्तनपान व पूरक आहार यांची माहिती दिली. तिसऱ्या गटात त्याबरोबर बाळाला कसे भरवावे, त्याच्याशी कसे खेळावे हेही शिकविले. बालके १५ महिन्यांची झाल्यावर मोजमाप झाले. शिक्षण मिळालेल्या गटांतील बालकांचा आहार सुधारला होता. मात्र खुजेपणा दुसऱ्या गटातच कमी आढळला. तिसऱ्या गटात मानसिक विकासाचे गुण अधिक होते, उंचीत तसा लाभ दिसला नाही. एकाच वेळी पुष्कळ सूचना दिल्या की काही मागे पडत असाव्यात, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

म्हणून अभ्यासक्रमात थोडेच, पण कारणांसह शिकवावे. उदाहरणार्थ, सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालू ठेवूनही ते एकटे पुरत नाही, विशेषतः लोह कमी पडते. बाळाचे जठर लहान असते. त्याची क्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे सात किलोच्या बाळाची साधारण २०० मिलिलिटर. ते वरणाच्या पाण्याने भरले तर पोट भरते, पोषण होत नाही. चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळणार नाही इतकी दाट, तेल-तुपाचा थेंब घातलेली खिचडी हवी. हे आईला पटले तरी घरात भरविणारी आजी असेल, तर तिलाही समजावावे लागते.

बळजबरीने भरविणे टाळावे, बाळाने तोंड फिरविल्यास थांबून पुन्हा प्रयत्न करावा. या गोष्टी फळ्यावर शिकविता येत नाहीत. आपल्या विद्यार्थिनी त्याच वस्तीतील, तीच दख्खनी किंवा तेलुगू बोलणाऱ्या असतात. नलगोंड्यात हे काम गावच्याच स्त्रियांनी केले होते. तेव्हा परीक्षेत पूरक आहाराची व्याख्या विचारण्यापेक्षा विद्यार्थिनीच्या हाती वाटी-चमचा द्यावा आणि आठ महिन्यांच्या बाळाचे एका वेळचे जेवण तयार करून दाखविण्यास सांगावे.