शंभरात नव्व्याण्णव, तरीही नापास?

वीजबिलाचा शेवटचा दिवस होता. शाळेतून आले, कुकर चढवला आणि मोबाईलवरून बिल भरायला घेतलं. पडद्यावरचं चक्र गरगर फिरतंय, तीन शिट्ट्या झाल्या तरी थांबेना! खात्यातून पैसे गेले, बिल मात्र तसंच. वर हे म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकलं असेल."

मनात आलं, दुधाचे खाडे आपण कॅलेंडरवर टिपतो, मग या सेवेचे का नाही?

'आमची सेवा ९९ टक्के चालू' असं वाचलं की वाटतं, वा, पहिला नंबर! पण हिशेब करून पाहा. वर्षाचे तास ८,७६०. त्यातला एक टक्का म्हणजे साडेसत्याऐंशी तास, साडेतीन दिवसांहून जास्त बंद! ९९.९ टक्के असेल तर पावणेनऊ तास, ९९.९९ असेल तर जेमतेम ५३ मिनिटं.

दुसरी फसगत सरासरीची. नऊ वेळा काम २ सेकंदांत झालं, दहाव्यांदा ८२ सेकंद लागले. सरासरी १० सेकंद. पण दहा सेकंद तर एकदाही लागले नव्हते! म्हणून जाणकार विचारतात, शंभरातली पंच्याण्णव कामं किती सेकंदांच्या आत झाली?

तुम्हीही एक वही करा. रकाने चारच: तारीख, वेळ, किती सेकंद लागले, काम झालं का. अडलं की दुसरं एखादं ॲप उघडून पाहा. तेही रखडलं तर दोष बहुधा आपल्या नेटचा. यूपीआयचे व्यवहार तांत्रिक कारणाने किती टक्के अडले, याचे बँकवार आकडे एनपीसीआय प्रसिद्ध करते, तेही पाहावेत.

आणि हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार यूपीआयवरून व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून गेले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराच्या बाबतीत पाच दिवसांत. पुढे उशीर झाला तर दररोज १०० रुपये भरपाई. तक्रार करताना वहीतली तारीख-वेळ कामी येते.

माझ्या वहीत महिनाभरात वीस नोंदी झाल्या, तीन खाडे. तिन्ही संध्याकाळी सात ते नऊमधले, सकाळी एकही नाही. चूक माझी नव्हती तर! आता बिल मी सकाळी, तेही दोन दिवस आधीच भरते. आणि हेसुद्धा पैसे पाठवण्याआधी हळूच विचारतात, "अगं, तुझी वही काय म्हणते?"