अवस गाठून अंदमानला

विमानाची तिकिटं काढण्याआधी मी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं. जानेवारीत पौष अमावास्या कधी येते ते पाहिलं, तिच्या पुढेमागे चार-चार दिवस धरले आणि अंदमानचा बेत ठरवला. ‘अवसेला कशाला निघताय?’ असं शेजारच्या काकूंनी विचारलं. पण मला अवसच हवी होती.

माझ्या वडिलांची रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला होडी होती आणि मी स्वतः बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचं गणित मला पुस्तकाआधी वडिलांनी शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. यामागचं कारण साधं आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पुनवेला आणि अवसेला सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाण होतं. उधाण म्हटलं की आपल्याला चढलेलं पाणी आठवतं. पण त्याच दिवसांत ओहोटीही सगळ्यात खोल जाते, एरवी न दिसणारा समुद्राचा तळ उघडा पडतो. अंदमानात मला तोच पाहायचा होता. शिवाय अवसेची रात्र काळीकुट्ट असते, तिचा उपयोग पुढे सांगते.

बरोबर लेक, जावई आणि अकरा वर्षांची नात होती. अंदमान-निकोबारमध्ये पाचशेहून अधिक बेटं आहेत, पण वस्ती तीसेक बेटांवरच. बहुतेक पर्यटकांचा मुक्काम तीन ठिकाणी असतो : पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील. 2018 साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप, आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. धक्क्यावर मात्र जुनी नावंच जास्त ऐकू येतात. तिकिटावर एक आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं नाव आलं तर गोंधळू नका.

नीलवर लक्ष्मणपूर दोन नावाचा किनारा आहे. या बेटावर लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर, रामनगर अशी सगळी रामायणातली नावं. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या. आजही इथली शेती आणि बाजारातली भाजी त्यांच्याच हातची आहे. त्या किनाऱ्याच्या टोकाला समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे. तिला नॅचरल ब्रिज म्हणतात, आणि बंगाली माणसांनी मायेने हावडा ब्रिज हे नाव दिलंय. कमानीपर्यंतची वाट जुन्या, मेलेल्या प्रवाळाच्या खडकावरून जाते आणि ती फक्त ओहोटीला उघडते.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी पार मागे हटलं होतं. खडकातल्या खळग्यांत स्वच्छ पाणी साचलेलं. वाटाड्या मुलगा एकेका खळग्यापाशी बसून दाखवत होता : काळी समुद्रकाकडी, करंगळीएवढे निळे मासे, खडकात रुतून बसलेला मोठा शिंपला. त्या शिंपल्याच्या ओठाशी जांभळी-हिरवी झालर होती आणि आमची सावली पडताच ती आत ओढली गेली. नात तासभर तिथून हलेना. आदल्या आठवड्यात भरतीच्या वेळी आलेलं एक कुटुंब आम्हाला बोटीवर भेटलं होतं. त्यांना कमान लांबूनच पाहावी लागली होती. त्यांच्या सहलीच्या कागदावर दिवस होता, ओहोटीची वेळ नव्हती.

एक सावधगिरी सांगते. आपलं पाऊणपटीचं गणित कोकणच्या किनाऱ्याचं आहे, अंदमानला ते लागू पडत नाही. समुद्राची खोली आणि किनाऱ्याची ठेवण यांमुळे प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते. म्हणून तिथल्या मुक्कामी पहिल्याच दिवशी ओहोटीची वेळ विचारून घ्या. एका दिवसाची वेळ कळली, की पुढच्या दिवसांना पाऊण-पाऊण तास मिळवत जा. तेवढं गणित बहुतेक किनाऱ्यांना चालतं.

दुसरं घड्याळ सूर्याचं. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, पोर्ट ब्लेअर मात्र जवळपास त्र्याण्णव अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीसेक मिनिटं पुढे आणि रत्नागिरीच्या तर सव्वा तासाहून पुढे. जानेवारीत साडेपाचच्या सुमाराला उजाडू लागतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. नाश्ता करून दहाला निघणाऱ्यांचा अर्धा दिवस तिथेच संपतो. आम्ही सहाला बाहेर पडत होतो आणि दुपारी एकच्या उन्हात सावलीत निजत होतो. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायचा तर चारला तिथे हवं. पांढऱ्या वाळूचा हा लांबच लांब पट्टा 2004 मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला उत्तम किनारा म्हणून निवडला होता. मला त्याची मागची बाजू जास्त आवडली. उंच झाडांचं रान थेट वाळूपर्यंत उतरलंय, एकही इमारत त्याच्या डोक्यावर दिसत नाही.

पाण्याखाली पाहायला आम्ही एलिफंट बीचवर गेलो. पूर्वी इथल्या जंगलात लाकूड ओढायला हत्ती आणले होते, त्यावरून हे नाव. हॅवलॉकच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने जाता येतं किंवा रानातून पायवाटेने. किनाऱ्यावर मोठमोठी झाडं मुळांसकट आडवी पडून पांढरी झाली आहेत, ती 2004 च्या त्सुनामीची खूण. स्नॉर्केलिंगला पोहता यायलाच हवं असं नाही. लाइफ जॅकेट, रबरी कडं आणि बरोबर वाटाड्या असतो. मात्र मुखवट्यातून नाकाने श्वास घ्यायचा नाही, नळीतून तोंडाने घ्यायचा. हे अंगवळणी पडायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं गुडघाभर पाण्यात घालवा, खोलात जाऊन शिकू नका.

आणि मग खाली पाहा. मेंदूच्या घड्यांसारखं प्रवाळ, सांबराच्या शिंगांसारखं प्रवाळ, त्यावर कुटूकुटू दात चालवणारा पोपटमासा. हा मासा प्रवाळ खरवडून त्याचा भुगा मागे टाकतो. ज्या पांढऱ्या वाळूवर आपण चालतो, तिच्यातला बराच वाटा त्याच्या पोटातून आलेला असतो. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते जिवंत प्राण्यांचं घर आहे. त्या इवल्या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंग आणि अन्न तेच पुरवतं. पाणी फार तापलं की प्राणी शैवालाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. 2010 च्या उन्हाळ्यात अंदमानचं बरंच प्रवाळ असं पांढरं पडलं, काही पुन्हा सावरलंच नाही. मी स्वतः पाहिलं : एका बाजूला माशांची गर्दी, दहा हातांवर करड्या हाडांचा ढीग. म्हणून कळकळीने सांगते, प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका, तुकडा खिशात घालू नका. प्रवाळ नेणं कायद्याने गुन्हा आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात.

आता अवसेची रात्र. हॅवलॉकला रात्री कयाकमधून खारफुटीत नेतात. कयाक म्हणजे दोघांची अरुंद होडी, वल्हं दोन्ही बाजूंना. आपण ज्याला कांदळवन म्हणतो, तसंच ते रान, मुळं पाण्यात पाय रोवून उभी. चंद्र नव्हता. वाटाड्याने विजेऱ्या विझवायला लावल्या. वल्हं पाण्यात घातलं आणि त्याच्याभोवती निळसर उजेडाचं वर्तुळ उमटलं. नातीने हात बुडवून काढला, तर बोटांवरून ठिणग्या ओघळल्या. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव हलवले की क्षणभर प्रकाशतात. चांदणं असेल तर हा उजेड फिका पडतो. वडील सांगायचे, अंधाऱ्या रात्री पाणी चमकलं की जाळ्यात काय आहे ते ओढण्याआधी दिसतं. इतकी वर्षं ते मी ऐकूनच होते. वाटाड्याशिवाय मात्र या पाण्यात उतरू नका. अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत. किनाऱ्यावर मगरीची पाटी दिसली तर ती पाळा, जीवरक्षक उभे असतील त्याच टापूत पोहा.

एक सहल आम्ही ठरवून केली नाही. बाराटांगची चुनखडीची गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला पोर्ट ब्लेअरहून गाड्या निघतात आणि पुढे ताफ्याने जातात. तो रस्ता जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. हे लोक जेमतेम काहीशे उरले आहेत. रस्त्यात थांबायला, फोटो काढायला, त्यांना काही द्यायला बंदी आहे. तरी गाडीतले डोळे जंगलात त्यांनाच शोधत असतात, हे मला माहीत होतं. कोणाच्या अंगणातून त्याला न विचारता गाडी न्यायची नाही, असं आम्ही घरी बसून ठरवलं. गुहा आपल्या सह्याद्रीतही आहेत.

तो दिवस आम्ही पोर्ट ब्लेअरच्या आसपास घालवला. सकाळी सेल्युलर जेल. त्याच्या सात विंगांपैकी तीन उरल्या आहेत. विनायकराव आणि बाबाराव हे सावरकर बंधू दोघेही इथे बंदिवान होते. मराठी माणसाचे पाय विनायकरावांच्या कोठडीपाशी आपोआप थांबतात. तिथून बोटीने थोड्याच वेळात रॉस बेट, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांची राजधानी होती तिथे आज चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातलाय आणि चितळ निर्धास्त फिरतात. कैदी आणि त्यांचे मालक समोरासमोर राहत होते, मध्ये एवढंसं पाणी, हे नकाशावर नातीला दाखवलं होतं. बोटीत बसल्यावर तिला ते कळलं. संध्याकाळी चिडिया टापूला गेलो, शहराच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर. समुद्रालगतच्या रानातून वर जाणारी पायवाट माझ्या गुडघ्यांनाही झेपली.

ऑक्टोबर ते एप्रिल हा जाण्याचा काळ. पण वारा सुटला की बोटी कधीही रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. खडकांवर चालायला बंद टाचेचे रबरी बूट आणि पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा सदरा न्या. आणि दिवसाला एकच ठिकाण घ्या.

आमची बोटही रद्द झाली, नीलवर आणखी एक दिवस राहावं लागलं. नातीने भरतपूरच्या वाळूत पाण्याच्या काठाला काठी रोवली होती. आदल्या दिवशी पाणी काठी सोडून गेलं ती वेळ तिने वहीत लिहून ठेवली होती. त्या दिवशी ती पुन्हा जाऊन बसली. पाणी गेलं, तिने घड्याळ पाहिलं आणि दोन वेळांची वजाबाकी केली.

‘आजी, एकोणपन्नास मिनिटं!’ ती किनाऱ्यावरून ओरडली.

माझ्या वडिलांनी हे मला मिऱ्याच्या वाळूत काठी रोवूनच दाखवलं होतं. नातीची ती वही आता माझ्याकडे आहे. त्यात पुढच्या सुट्टीच्या पानावर तिने स्वतःच्या हाताने अवसेची तारीख लिहिली आहे.