टपालाने आलेला स्वेटर

जपानमध्ये मेंढपाळीची परंपरा नव्हती. फौजेच्या गणवेशांसाठी सरकारने १८७९ मध्ये टोकियोतल्या सेन्जू इथे लोकरी कापडाची गिरणी काढली. त्याच देशात पुढच्या पन्नासेक वर्षांत शाळकरी पोरांच्या अंगात विणलेला स्वेटर आला, आणि त्यात टपालाचा वाटा मोठा.

टपालविक्रीची सुरुवात मक्यापासून झाली. १८७६ मध्ये त्सुदा सेन यांनी आपल्या शेतकी मासिकातून अमेरिकी मक्याचं बियाणं विकलं. पार्सलसेवा १८९२ ची, माल हाती आल्यावर पैसे द्यायची, आपल्या व्ही.पी.सारखी सोय १८९६ ची. १६७३ पासून किमोनोचं कापड विकणारं दुकान १९०४ मध्ये ‘मित्सुकोशी’ झालं. गावोगावच्या गिऱ्हाइकांसाठी ते मासिकही काढत असे. १९०९ मध्ये त्याने मुलांसाठी खास प्रदर्शन भरवलं. धंद्याची नजर म्हणतात ती हीच! विलायती पोशाख घरात शिरला तो आधी बापाच्या आणि मुलांच्या अंगावरून. आई किमोनोतच राहिली.

पण अमेरिकेतलं कुटुंब सीअर्सच्या कॅटलॉगमधून तयार स्वेटर मागवी, तशी जपानी स्वेटरची गोष्ट निव्वळ खरेदीची नाही. हानी मोतोको यांचं ‘फुजिन नो तोमो’ आणि १९१७ चं ‘शुफु नो तोमो’ या मासिकांचे खरेदी विभाग वाचकांना टपालाने माल पाठवत. पानांवर मात्र विणकामाचे धडेही असत. किमोनोतल्या आईने मुलाचा स्वेटर स्वतः विणावा, हे त्यामुळे जमलं.

मला वाटतं, ते रुजायला आणखी एक कारण होतं. किमोनो धुवायचा तर उसवून, ताणून वाळवून पुन्हा शिवायचा, ही तिथली जुनी रीत. लहान मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेत चुण्या घालून ठेवत, पोर वाढलं की सोडत. विलायती शिंप्याच्या कोटाला ही सवलत नाही, स्वेटरला आहे. उसवायचा, लडी करायची, किटलीच्या वाफेवर धाग्याच्या वळ्या सरळ करायच्या आणि एक माप मोठा विणायचा. थोरल्याचा धाग्यासकट धाकट्याकडे.

१९२३ च्या टोकियोतल्या भूकंपानंतर शहरांत मुलांचे विलायती कपडे झपाट्याने वाढले. १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटलं, लोकरीवर निर्बंध आले आणि कापडात कृत्रिम धागा मिसळू लागला. १९४२ मध्ये कपड्यांना रेशन लागलं: वर्षाला शहरात माणशी १०० गुण, खेड्यात ८०. घरातला जुना स्वेटर उसवायला मात्र एकही गुण लागत नसे.