चाचणीचेही शुद्धलेखन

ग्वाल्हेरला आमच्या भागाच्या पाट्यांवर 'शिंदे की छावनी' असे हिंदीत लिहिलेले असते. घरी आम्ही 'छावणी' म्हणतो. दोन्ही रूपे आपापल्या जागी शुद्धच. परंतु एकाच यादीत दोन्ही आली, तर 'छावनी' शोधणारा संगणक 'छावणी' सोडून पुढे जातो. न आणि ण ही त्याच्या लेखी निराळी अक्षरे! मराठी व कानडी शेजारीशेजारी छापणाऱ्या या अंकाच्या वाचकांना ही अडचण नवी नसावी.

प्रोग्रॅम लिहितानाही म्हणूनच लेखनाचे नियम ठरवितात. पायथन भाषेचे नियम 'पेप ८' या नावाने २००१ पासून आहेत. फंक्शनचे नाव लहान लिपीत लिहावे, शब्दांमध्ये अधोरेषा द्यावी, ओळ ७९ अक्षरांपलीकडे जाऊ नये, इत्यादी. आता प्रोग्रॅम तपासण्यासाठी जो दुसरा प्रोग्रॅम लिहितात, त्या चाचणीलाही हे नियम लावावेत काय? "चाचणी ग्राहकाकडे थोडीच जाते?" असे विद्यार्थी विचारतात. मला हा युक्तिवाद पटत नाही. चाचणी नापास झाली की ती वाचावी लागते, आणि वाचणारा बहुधा लिहिणाऱ्याहून निराळा असतो.

गंमत अशी की, पायथनसोबत येणारे 'युनिटटेस्ट' हे साधनच हा नियम पाळीत नाही. ते केंट बेक व एरिक गामा यांच्या जावातील 'जेयुनिट'वरून घेतले आहे. त्यामुळे 'सेटअप' या नावात अधोरेषा नाही, मधला 'यू' मोठ्या लिपीतला. नियमाच्या हौसेने आपण तेथे अधोरेषा घातली, तर यंत्र त्या फंक्शनला हाकच मारीत नाही. रूढ नावे तशीच ठेवण्याची मुभा पेप ८ देतोच. त्याच साधनात 'असर्टइक्वल' आणि 'असर्टइक्वल्स' अशी एकाच कामाची दोन नावे वर्षानुवर्षे चालत होती. दुसरे नाव २०२३ च्या ३.१२ या आवृत्तीत काढून टाकले, आणि ते वापरणाऱ्या चाचण्या नव्या आवृत्तीवर अडल्या.

नावाचा आरंभही महत्त्वाचा. 'टेस्ट' या अक्षरांनी सुरू न होणारे फंक्शन हे साधन चाचणी म्हणून चालवीतच नाही. बाकीच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या की निकाल उत्तीर्ण दिसतो. एक चाचणी झालीच नाही, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

अपवाद असतातच. चाचणीचे नाव लांबलचक झाले तरी चालावे. कोणती गोष्ट बिघडली ते त्यातूनच कळते. मात्र तपासनिसाच्या यादीतून चाचण्यांचा अख्खा फोल्डर वगळण्याची जी पद्धत दिसते, तिच्याऐवजी ज्या ओळीला सूट हवी तिच्याच शेवटी तशी खूण करावी आणि शेजारी कारण लिहावे.