न्यायासन आणि मतपेटी (लेखांक सहावा)

मागील लेखांकात दाव्याचा प्रवास फिर्यादीपासून हुकूमनाम्यापर्यंत पाहिल्यानंतर, ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर अथवा कल्याणच्या न्यायालयाच्या आवारात तारखेची वाट पाहत बसणाऱ्या पक्षकाराच्या मनात सहज उद्भवणारा एक प्रश्न आज विचारात घ्यावयाचा आहे. तो असा की, ज्या प्रजेने नगरसेवक, आमदार आणि खासदार निवडावेत, तिनेच आपला न्यायाधीशही का निवडू नये?

हा प्रश्न वेडगळ नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीश मते मागून पदावर बसतात, आणि मेक्सिकोने तर १ जून २०२५ रोजी आपले न्यायाधीश थेट लोकमताने निवडण्यास प्रारंभ केला. तेथील उमेदवाराकडून कायद्याची पदवी, ठराविक गुण आणि शेजारी व सहकारी यांची पाच शिफारसपत्रे मागितली गेली. मतदान मात्र सुमारे तेरा टक्क्यांवरच अडले. शेजाऱ्याच्या पत्रावर न्यायदानाची योग्यता ठरावी, ही कल्पना आमच्या चाळींना पेलेल की नाही, याविषयी प्रस्तुत लेखकाला दाट संशय आहे. आमच्याकडेही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने किरकोळ कज्ज्यांसाठी न्याय पंचायतींची सोय केली होती; परंतु ती व्यवस्था रुजली नाही आणि पुढे मोडीत निघाली.

आपल्या राज्यघटनेने वेगळाच मार्ग पत्करला. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी असलेला मुन्सफ, हा अनुच्छेद २३४ अन्वये लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय यांच्या विचाराने नेमला जातो. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत यांतून त्याला पार पडावे लागते, आणि ज्या पक्षकारांचे जबाब त्याला ऐकावयाचे, त्यांची मराठी अस्खलित वाचता, लिहिता व इंग्रजीत उतरविता येणे त्याच्याकडून अपेक्षित असते. मध्यंतरी, सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयानंतर, वकिलीचा अनुभव नसलेल्या ताज्या पदवीधरांनाही हे दार उघडे झाले होते. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, आणि ती योग्यच झाली, कारण ज्याने कधी अशिलाचा रडवेला चेहरा पाहिला नाही त्याच्या हाती जप्तीचा वा जामिनाचा हुकूम सोपविणे हे धाडसच म्हणावे लागेल.

आपल्याच जिल्ह्यात, भाईंदरजवळच्या उत्तन येथे, या न्यायाधीशांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. आणि योगायोग असा की, ठाण्यातून १९७७ व १९८० साली लोकसभेवर गेलेले वकील रामभाऊ म्हाळगी यांच्या नावाची, लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनीही त्याच उत्तनला, जवळच वसली आहे. निवडून येणाऱ्यांची शाळा आणि निवडून न येणाऱ्यांची शाळा यांचे असे शेजार अन्यत्र क्वचितच आढळावे.

पण या दोन शाळांमधली वाट अजिबात बंद आहे असेही नाही. पदावर असताना न्यायाधीशाला निवडणूक लढविता येत नाही. पद सोडल्यावर मात्र येते. सरन्यायाधीश सुब्बा राव १९६७ साली राजीनामा देऊन राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले व झाकीर हुसेन यांच्याकडून पराभूत झाले. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण हरी रामचंद्र गोखले यांचे: मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावरून ते स्वेच्छेने उतरले, १९७१ साली मुंबई वायव्य मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात विधिमंत्री झाले. न्यायालयांच्या अधिकारांना कात्री लावणारी बेचाळिसावी घटनादुरुस्ती आणीबाणीच्या काळात हाच एकेकाळचा न्यायाधीश मंत्री म्हणून संसदेपुढे मांडील, याचा मागमूस १९७१ च्या मतदाराला त्यांच्या सनदेवरून अथवा न्यायाधीशपदाच्या लौकिकावरून कसा लागला असता? १९७७ मध्ये त्याच मतदारसंघात राम जेठमलानी यांनी त्यांना पराभूत केले. अलीकडे कलकत्ता उच्च न्यायालयाचे अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला आणि त्यानंतर ते तमलुकमधून लोकसभेवर निवडून गेले.

येथे कायद्याची एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला अनुच्छेद १२४(७) अन्वये देशातील कोणत्याही न्यायालयात वकिली करण्यास मनाई आहे, पण मतांचा जोगवा मागण्यास नाही. २००२ आणि २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे उमेदवाराला नमुना २६ मध्ये आपले शिक्षण, मालमत्ता, कर्ज व फौजदारी खटले शपथेवर सांगावे लागतात. परंतु त्याने पूर्वी कोणते निकाल दिले याची पृच्छा त्या कागदात नाही. अन्य उमेदवाराच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण त्याचे काम आपण रस्त्यावर व गटारावर पाहतो. न्यायाधीशाचे काम मात्र त्याच्या लेखी निकालांतच असते. त्याची खरी योग्यता सांगणारे दप्तर तेच एक, आणि शपथपत्र त्याला स्पर्शही करीत नाही.

तेव्हा ठाणे, कल्याण वा डोंबिवलीत उद्या एखादे माजी न्यायाधीश मत मागण्यास दारी आले, तर त्यांची पदवी व मिळकत विचारून न थांबता त्यांचे चार निकाल मागावेत. जिल्हा न्यायालयांचे व उच्च न्यायालयाचे निकाल आता संगणकावर कोणालाही पाहता येतात. जिल्हा न्यायाधीशपदासाठी असलेली सात वर्षांच्या वकिलीची अट, आणि तिचा ऑक्टोबर २०२५ मध्ये घटनापीठाने लावलेला नवा अर्थ, यांचा विचार पुढील लेखांकात करू.