एफ-८ दाबा, रंग बदला!

आपल्या लॅबमध्ये व्हिम वापरणारे दोनच प्रकारचे. एक, ज्यांना त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळत नाही, आणि दुसरे, ज्यांना बाहेर पडायचंच नसतं. मी सेकंड इयरला पहिल्यातून दुसऱ्यात गेले. मित्रांनो, हा लेख दोघांसाठी आहे, कारण विषय रंगांचा आहे.

आधी सबमिशनच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. मी आणि माझा प्रोजेक्ट पार्टनर एकाच 'सी' फाइलच्या दोन आवृत्त्या व्हिमडिफमध्ये शेजारी शेजारी उघडून जुळवत होतो. माझी स्कीम नेटवरून आणलेली, मला जाम कूल वाटणारी. बदललेली ओळ गडद हिरवी आणि त्या ओळीतला नेमका बदललेला भाग गडद लाल. एका लूपमध्ये 'लेस दॅन'चं 'लेस दॅन ऑर इक्वल' झालं होतं. पार्टनरनं तीच ओळ चुकीची ठेवली आणि आउटपुट गंडला. मी त्याला भरपूर बोलले. "डोळे आहेत ना?" असंही म्हणाले. तो हळूच म्हणाला, "आहेत, पण हा लाल आणि हा हिरवा मला सारखाच दिसतो." तेव्हा मला कळलं, की इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये हा रेझिस्टरचे पट्टे न बघता प्रत्येक वेळी मल्टिमीटर का लावायचा! दोन वर्षं आम्ही त्याला 'मल्टिमीटर' म्हणून चिडवत होतो.

तर आता मुद्द्याचं. व्हिमला रंगातलं काही कळत नाही, त्याला फक्त ग्रुप कळतात. आपल्या गॅदरिंगच्या नाटकात कोण राजा आणि कोण शिपाई हे एक जण ठरवतो, आणि राजाला कुठला अंगरखा घालायचा हे कपडेपटवाला ठरवतो, तसंच. सिंटॅक्सची फाइल सांगते, की हा शब्द कॉमेंट आहे, हा स्ट्रिंग, हा स्टेटमेंट. कलरस्कीमची फाइल सांगते, की कॉमेंटला करडा द्या, स्ट्रिंगला पिवळा. म्हणून स्कीम बदलली तरी कोडला काही होत नाही, नुसते कपडे बदलतात. या स्कीम घरच्या डिरेक्टरीतल्या डॉट-व्हिम फोल्डरमध्ये 'कलर्स' नावाच्या फोल्डरात टाकायच्या (विंडोजवर त्याच फोल्डरला 'व्हिमफाइल्स' म्हणतात). मग कोलन दाबून कलरस्कीम लिहायचं आणि पुढे नाव, उदाहरणार्थ डेझर्ट. इथे एक सूचना: स्पेलिंग अमेरिकन आहे, 'यू' नसलेलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी तो 'यू' माझ्याकडून इतक्या वेळा लिहून घेतला होता, की पहिला आठवडा मला नुसती एररच दिसली. नुसतं 'कोलो' लिहिलं तरी चालतं, हे नंतर कळलं.

पण वीस-पंचवीस स्कीम असतील तर प्रत्येकीचं नाव टाइप करत कोण बसणार? त्यासाठी पीटर ऑडिंग यांचं 'कलरस्कीम-स्विचर' हे प्लग-इन आहे. त्यांचंच 'व्हिम-मिस्क' सोबत लागतं, ते विसरू नका. व्हिम ८ पासून (म्हणजे २०१६ पासून) वेगळा प्लग-इन मॅनेजर नसला तरी अडत नाही. 'पॅक' फोल्डरात आपल्या आवडीच्या नावाचं एक फोल्डर, त्यात 'स्टार्ट', आणि त्यात दोन्ही प्लग-इन ठेवली की झालं. मग एफ-८ दाबलं की पुढची स्कीम, शिफ्ट धरून एफ-८ दाबलं की मागची. नशीब आजमावायचं असेल तर रँडमची कमांडही आहे. नको असलेल्या स्कीमची यादी देऊन त्या कायमच्या वगळता येतात. आणि 'कीप बॅकग्राउंड'चं सेटिंग १ केलं, की रात्री दोन वाजता काळ्या स्क्रीनवरून अचानक पांढऱ्याशुभ्र स्क्रीनवर जाऊन डोळे दिपत नाहीत. हॉस्टेलवाल्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दोन गोष्टींनी मला छळलं. पहिली, टर्मिनल. साध्या टर्मिनलमध्ये २५६च रंग असतात, त्यामुळे जी-व्हिममध्ये सुंदर दिसणारी स्कीम तिथे भलतीच दिसू शकते. टर्मिनलची ताकद असेल तर 'टर्म-जीयूआय-कलर्स' हा ऑप्शन चालू करायचा. दुसरी जास्त चिडवणारी. तुम्ही स्वतः हायलाइट कमांडनं ठरवलेले रंग स्कीम बदलताच पुसले जातात, कारण नवी स्कीम सहसा आधी पाटी कोरी करते. ग्रुपमधल्या लिंक प्लग-इन आठवणीनं परत जोडतं, पण तुमचे खास रंग नाही. ते व्हिम-आरसीमध्ये ऑटोकमांडच्या आत, 'कलरस्कीम' या इव्हेंटवर लिहायचे. मग प्रत्येक बदलानंतर ते पुन्हा लागतात.

आम्ही नेमकं हेच केलं. त्या संध्याकाळी मी एफ-८ दाबत गेले आणि पार्टनर "नाही, नाही, हाही नाही" म्हणत राहिला. मला आवडलेल्या तीन स्कीम त्यानं पाच सेकंदांत उडवल्या. शेवटी 'डेझर्ट'वर थांबलो, आणि डिफचे रंग ऑटोकमांडमध्ये स्वतःच लिहिले: बदललेली ओळ निळी, नेमका बदल पिवळ्यावर काळ्या अक्षरांत, वर ठळक आणि अधोरेखित. म्हणजे रंग नाही दिसला तरी रेघ दिसणारच. व्हिम बंद केला की एफ-८नं निवडलेली स्कीम विसरली जाते, म्हणून तिचं नावही व्हिम-आरसीत टाकलं.

फाइल पुन्हा उघडल्यावर त्यानं लूपच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इक्वल." मग तसाच खाली गेला आणि माझ्या फंक्शनमधला एक सेमीकोलनही काढून दाखवला.